दोघं आत, एक बाहेर

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी निघाली तर यंदा माझ्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एक बोंड धरू नये. यंदा मी सोयाबीन पेरलंय, ते सोडा. शपथ ती शपथच.

मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे अगदी डोळ्यांनी नाही. त्या दिवशी मी जळगाव जामोदला सासुरवाडीत होतो, जावयाच्या ताटावर बसून पुरणपोळी हाणत होतो. पण वकारनं मला त्याच्या तोंडानं सांगितलं, आणि त्यातला एक शब्द मी इकडचा तिकडे केलेला नाही. केला असला तर चवीपुरता.

वकार म्हणजे आमच्या जानेफळच्या रहेमतुल्ला चाचांचा थोरला. चाचा तित्तर-बटेर धरायचे. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे गवतात मांडून असे बसायचे, की सरडा अंगावरून जाईल. तणमोरही धरलेत त्यांनी, त्या काळी धरायचे सगळेच. लेक निघाला उलटा. नागपूरच्या एका संस्थेनं गवतातल्या पाखरांचा सर्व्हे काढला, त्यात वकार लागला. बापानं धरली ती पाखरं लेक मोजू लागला. गाव हसायचं, ‘बापाची उधारी फेडून राह्यला’ म्हणायचं.

बीटी कपाशी येऊन तीन-चार पावसाळे झाले होते. गावाला तिचं वेड लागलं होतं. पांदण नांगरली, धुरे, म्हणजे बांध, बोटभर राहिले, मसणवटीच्या कडेलाही लोकांनी सरकी टोबली. राहिलं होतं ते एक ई-क्लासचं रान, म्हणजे सरकारी गायरान. सव्वाशे एकर नुसतं गवत, कुसळी, पवण्या आणि मारवेल. त्याला लागून सहदेवचं वावर. हा सहदेव वकारचा शाळेपासूनचा दोस्त, आणि गड्यानं आपला धुरा हळूच सरकवत दोन एकर ई-क्लास पोटात घातलेलं.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते सगळं रान नांगरून वाटायचं ठरत होतं. ते थांबवायला एकच गोष्ट लागत होती. सर्व्हेच्या जयमाला मॅडम म्हणाल्या होत्या, “वकारभाई, तणमोराचा फोटो आणा. वहीतल्या टिकल्या कुणी पाहत नाही. फोटो असेल तर मी वरपर्यंत जाते.”

वकारच्या बायकोच्या, नसीमाच्या, अकरा बकऱ्या त्या रानावर जगत. पण वकारला बकऱ्यांपेक्षा बापाचं जास्त होतं. चाचा मरताना म्हणाले होते, “मी इतके धरले बेटा, शेवटला कोणता होता ते याद नाही.” शेवटचा अजून धरायचा राहिलाय, हे वकारला दाखवायचं होतं.

२

तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू. वर्षभर दिसत नाही. पावसाळ्यात नर काळा कोट घालतो आणि मादीसाठी गवतातून सरळ वर उडी मारतो. टर्रर् असा आवाज, हातभर वर काळं डोकं, की पुन्हा गवतात गडप. दिवसातून शेकडो वेळा. एवढा नाचरा, पण माणसाची चाहूल लागली की दिवसभर दगड होऊन बसतो.

म्हणून रानाच्या मधोमध वकारनं लपण बांधलं होतं. चार बांबू, वर खताची पोती, पोत्यांवर गवत. आत रंगाचा रिकामा डबा बसायला, पुढे फोटोसाठी हातभर रुंदीची फट, मागे पोत्याचाच पडदा. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन मावेल एवढंच. धुऱ्यावरच्या बाभळीपासून लपणापर्यंत दहा-दहा पावलांवर वीस खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीवर गेरूनं आकडा. एक नंबर बाभळीला, वीस नंबर लपणाला.

आता यातली गंमत ऐका. माणूस लपणात शिरताना पाखरू बघतं, मग ते कशाला बाहेर येईल? त्यावर या धंद्यातली जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं आणि एकानं उठून ऐटीत बाहेर निघून जायचं. पाखराला मोजता येत नाही. त्याला वाटतं, आलेलं माणूस गेलं.

तर रोज सकाळी वकार आणि सहदेव खुंट्या-खुंट्यांनी लपणापर्यंत जात. वकार आत बसे, सहदेव परत फिरे. संध्याकाळी सहदेव एकटा जाई आणि दोघं बाहेर येत.

“मी बी काय येडा हो,” सहदेव रोज म्हणायचा. “तुले पाखरू सापडलं का माहे दोन एकर गेले. आन मीच तुले पोचवून राह्यलो.”

“मंग नको येऊ.”

“नको कसा येऊ बे? तुह्या बायकोच्या हातचा चहा बंद होईन ना.”

युक्ती चालायची. सहदेव बाभळीपार झाला की अर्ध्या तासात टर्रर् सुरू व्हायचं. पण लांबून. फोटोत नुसता काळा ठिपका यायचा, कावळा म्हणा की कढई म्हणा.

३

ग्रामसभेला सहा दिवस होते. त्या सकाळी सहदेव आला नाही. कपाशीवर तुडतुडे पडले होते. बीटी बोंडअळीला पुरून उरली, पण तुडतुड्यांना ती काय ठाऊक! उजाडतानाच तो पाठीवर फवारणीचा पंप चढवून वावरात शिरला होता आणि लांबूनच ओरडला, “आज तू एकटाच जाय!”

एकटा गेला तर पाखरू दिवसभर गप्प बसणार. वकार बाभळीपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याला एक गोष्ट सुचली. सुचली तेव्हा स्वतःवर खूशही झाला बिचारा.

तो ताठ चालत लपणापर्यंत गेला. आत शिरला, कॅमेरा आणि पाण्याची बाटली ठेवली. बिडीभर वेळ बसला. मग उठून, हात हलवत, मुद्दाम खाकरत, सगळ्या रानाला दिसेल असा परत बाभळीपर्यंत आला. एक आत, एक बाहेर, हिशेब फिटला. बाभळीच्या आडोशाला तो खाली पडला आणि पोटावर सरपटत, खुंट्यांची वाट टाळून, उंच गवतातून परत लपणाकडे निघाला. कुसळं बनियनमधून टोचत होती. बापाची आठवण झाली. चाचा असेच सरपटायचे.

मागचा पडदा उचलून तो आत आला, डब्यावर बसला, कॅमेरा उचलला आणि फटीतून बघितलं.

बाभळीच्या पुढे, धुऱ्यावरून, एक माणूस गावाकडे चालला होता.

चौकडीचा शर्ट. डोक्याला पांढरा रुमाल. डावा पाय किंचित फेकत चालायची ढब.

वकारनं आपल्या अंगाकडे पाहिलं. चौकडीचा शर्ट. त्यानं डोक्याला हात लावला. रुमाल होता.

बोट कॅमेऱ्यावर होतं, ते दाबलं गेलं. खटक.

४

कोणीतरी असेल, वकार मनाशी म्हणाला. मेहकरच्या बाजारात चौकडीचे शर्ट ढिगानं मिळतात. पाय फेकत चालणारेही तालुक्यात कमी नाहीत. धुरा काय त्याच्या बापाचा होता?

सकाळची हवा पडलेली होती. अशा हवेत रानात बोलणं लांबवर ऐकू येतं. सहदेवच्या पंपाचा आवाज येत होता, फुस-खट, फुस-खट. तो थांबला.

“काऊन बे वकार, आज लवकर निघाला?” सहदेवचा आवाज.

आणि उत्तर आलं.

“हाव. काही नाही दिसत आता तथी. गेलं ते पाखरू.”

स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून कधी ऐकू येत नाही. सर्व्हेच्या टेपवर वकारनं तो एकदा ऐकला होता आणि स्वतःशीच लाजला होता. हा तोच आवाज होता. थोडा नाकातला. शेवटचा शब्द गिळणारा.

“मंग संध्याकाळी येऊ नको म्हणतो?”

“कायले येतो? मी घरीच आहो ना.”

पंप पुन्हा सुरू झाला.

वकार उठला नाही. रहेमतुल्ला चाचा सांगायचे, फाशात पाय गेला की पाखरू लगेच फडफडत नाही. थोडा वेळ तसंच उभं राहतं, काही झालंच नाही असं. तसा तो बसून होता. त्याचं डोकं मात्र चालू होतं. औषधाचा वास नाकात गेला असेल. उपाशीपोटी बिडी ओढली. सहदेव चेष्टा करत असेल. दोन्ही आवाज तोच काढत असेल, गणपतीत तो नकला करतोच की.

टर्रर्.

लपणापासून पाच हातांवर. काळं डोकं वर आलं, त्यावरचे लांब पिसांचे तुरे थरथरले. खाली गेलं.

वकार बाकी सगळं विसरला. खटक. पुन्हा उडी. खटक. तणमोर गवतातून चालत बाहेर मोकळ्यात आला. लपणाकडे आला. आणखी जवळ. हातभर अंतरावर उभा राहिला आणि फटीतून सरळ आत बघू लागला. गोल, पिवळसर डोळा. खटक. एवढ्या जवळून तो आवाज म्हणजे पाखराला बंदुकीसारखा. त्यानं पंखदेखील हलवला नाही.

वकार हळूच खोकला.

पाखरू चोच घासत राहिलं.

“हुश्,” वकार म्हणाला. मग मोठ्यानं, “हुश्श!”

मग त्यानं टाळी वाजवली. तणमोराच्या तोंडासमोर, दोन्ही हात फटीतून बाहेर काढून. पाखरानं त्याच्या हातांवरून एक उडी मारली, टर्रर्, आणि पुन्हा त्याच जागी उतरलं. त्याच्या पिसांचा वारा वकारच्या मनगटाला लागला.

जन्मभर ज्यासाठी जीव टाकला होता ते समोर होतं. पाखराला त्याची चाहूल लागत नव्हती. वकारला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

५

बऱ्याच वेळानं तो लपणातून बाहेर आला. कॅमेरा आतच बांबूला अडकवून ठेवला, हात मोकळे पाहिजेत असं वाटलं. ताठ उभा राहिला. खुंटी वीस. एकोणीस. अठरा. भर दुपार होती, झाडाची सावली बुंध्यात गेलेली. एरवी या गवतातून चाललं की पावलागणिक नाकतोडे उडतात, लाह्या फुटल्यासारखे. आज एकही उडाला नाही. एक तित्तर त्याच्या पायाशी बसला होता, वकार त्याला ओलांडून गेला. पाच. चार. तीन. दोन.

पुढे बाभूळ दिसत होती. बाभळीपलीकडे सहदेव पऱ्हाटीच्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधून, चालत होता, तीस पावलांवर. त्याच्या पाठीवरचा निळा पंप दिसत होता, गळ्यात गुंडाळलेला पंचा दिसत होता.

वकार पुढे चालला. पुढच्या खुंटीवर आकडा होता तीन.

त्याला वाटलं चुकलं. मागे फिरला. दोन. त्याच्यापलीकडे पुन्हा तीन. तो मान खाली घालून चालत राहिला, चार, पाच, नऊ, चौदा, आणि खताच्या पोत्यांचा वास आला. लपण.

असं तीनदा झालं. खुंट्या सोडून आडवा गवतातून गेला, तेव्हाही वास आलाच.

चौथ्यांदा तो दोन नंबरच्या खुंटीपाशीच थांबला. आमच्याकडे एक रीत आहे. रानातून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. जे काही रानात असेल नसेल, ते दोनदाच हाक मारू शकतं. तिसरी हाक माणसाचीच. तिसऱ्या हाकेला हातातलं काम टाकून धावायचं. हे वकारला माहीत होतं, सहदेवला तर आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

“सहदेवाऽ!”

फुस-खट, फुस-खट.

“सहदेवाऽऽ!”

सहदेव तासाच्या टोकाला वळला. आता त्याचं तोंड इकडे होतं. मान खाली.

वकारनं पोटात हवा भरून घेतली. “अबे सहदेवाऽऽ, मी हाओ ना बे इथी!”

पंपाचा दांडा वरखाली होत राहिला. त्या आवाजात कुठली हाक ऐकू जाणार? सहदेव पुढच्या तासात शिरला आणि त्याची पाठ लहान होत गेली.

६

संध्याकाळी न्यायला कोणी आलं नाही. का यावं? वकार घरी होता. नसीमानं त्याला चहा दिला असेल. बकऱ्या मोजून आत घेतल्या असतील.

डब्यावर बसून वकारनं विचार केला तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसलं. तो ताठ चालत गेला, ते सगळ्या रानानं पाहिलं. तो परत आला, ते कुणीही पाहिलं नाही. रानाच्या लेखी आत कुणी नव्हतंच. नसलेल्या माणसाला वाट कशी देणार? युक्ती पक्की होती. त्याचीच होती.

ती रात्र मी गाळतो. अंधारात कुणीही घाबरतं. त्यात सांगणाऱ्याचं कसब ते काय?

उजाडलं, आणि पावलं वाजली. दोघांची. खुंट्यांच्या वाटेनं.

“काल तू म्हणला गेलं पाखरू,” सहदेव म्हणत होता. “आन आज पुन्हा काऊन?”

“कॅमेरा राह्यला ना बे आत. मॅडमचा हाय तो.”

पावलं लपणाच्या मागे येऊन थांबली. पोत्याखालून वकारला चार पाय दिसले. त्यातले दोन त्याच्याच चपलांमध्ये होते; डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला, त्यानंच बांधलेला. पडदा उचलायला एक हात खाली आला. त्या हाताच्या मधल्या बोटाचं नख निळं पडलेलं होतं. मंगळवारी खुंटी ठोकताना हातोडी बसली होती.

वकारनं आपल्या हाताकडे पाहिलं नाही. पडदा वर जायला लागला, मान आत वाकायला लागली, रुमालाची कड दिसली. तोंड दिसायच्या आत त्यानं डोळे मिटले आणि त्या वाकलेल्या अंगाच्या बाजूनं, खांद्याला खांदा घासून, बाहेर पडला.

सहदेव परत निघाला होता. वकार त्याच्या मागे लागला. पावलात पाऊल टाकून, त्याच्या सावलीवर पाय ठेवत. दोघं आले होते, एक चालला होता, आणि तो एक असल्यासारखा वकार त्याला चिकटून चालला. चार. तीन. दोन. एक. बाभळीच्या मुळाशी त्याच्या पायाखालून एक नाकतोडा टुणकन उडाला, आणि वकार तिथं बसून लहान लेकरासारखा रडला.

“अबे, तू कवा निघाला?” सहदेवनं वळून विचारलं.

घरी नसीमा म्हणाली, “अजी, इतक्या लवकर?”

रोल मेहकरला धुतला. मॅडम वरपर्यंत गेल्या. ग्रामसभेत रान वाटलं गेलं नाही, आजही ते उभं आहे. सहदेवचे दोन एकर मोजणीत गेले.

७

आता यात मी काय घातलं ते सांगतो, नाहीतर पऱ्हाटी लावायची पंचाईत.

सासुरवाडी खोटी. मी जळगाव जामोदला नव्हतो. मी पऱ्हाटीत होतो, पाठीवर पंप घेऊन. सहदेव मीच.

वकार सकाळी माझ्याजवळ थांबला आणि पाखरू गेलं म्हणाला, हे खरं. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं. दोन एकर वाचले ना माझे. दुपारी रानातून हाक आली, हेही खरं. हातानं मारायच्या पंपाचा आवाज तो काय? दोन ओळींपलीकडचं तोंडातल्या तोंडात बोललेलंही ऐकू येतं. तीनही हाका ऐकल्या मी. आवाज वकारचा, आणि वकारला तर मी माझ्या डोळ्यांनी घरी जाताना पाहिलेलं. मी मान वर केली नाही. तिसरी हाक आली तरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, वकारनं पडदा उचलला. आत कुणी नव्हतं. बांबूला कॅमेरा लटकत होता. “कालच इसरलो,” वकार म्हणाला.

लपणाच्या आतलं सगळं मी रचलं. वकारनं मला त्यातलं काहीच सांगितलेलं नाही. तो म्हणतो, त्या दिवशी मी लवकर घरी आलो, चहा पिऊन झोपलो. चांगला माणूस आहे. अजून रोज माझ्याकडे येऊन बसतो. तो बाहेर आला, माझ्या मागे-मागे चालत आला, नाकतोडा उडाला, रडला, ते मी कशासाठी रचलं ते तुम्हाला कळलं असेल.

रोल धुवायला आम्ही दोघंच गेलो होतो. तणमोराचे अकरा फोटो निघाले, हातभर अंतरावरून काढलेले. त्यांच्या आधीचा, पहिला फोटो, मॅडमनी कामाचा नाही म्हणून बाजूला टाकला. तो माझ्या पेटीत आहे. धुऱ्यावरून गावाकडे चाललेला माणूस, पाठमोरा, चौकडीचा शर्ट.

स्टुडिओच्या काउंटरवर वकारनं तो उचलून उजेडाला धरला होता. “अबे, हा तर मीच हाओ,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला. “कोणं काढला बे?”

दरवर्षी पोळा झाला की तणमोर उड्या मारू लागतात. लपण कधीच कुजून गेलं, खुंट्या मात्र मी बदलत असतो. त्या दिवसांत रोज संध्याकाळी मी एकटा आत जातो. वीस नंबरपाशी बिडीभर उभा राहतो. मग परत निघतो, सावकाश, मागून कुणाला पावलात पाऊल टाकता येईल एवढ्या बेतानं. बाभळीपर्यंत मागे वळून पाहत नाही. कान मात्र मागेच असतात.

नाकतोडे उडतात. माझ्याच पायाखालचे.